दगडखाण (सोलापूर परिसर)

दगडखाण : बांधकाम, रस्ते व खडी यांसाठी काळा दगड (बेसाल्ट) उघड्यावर फोडून काढण्याची जागा. सोलापूर जिल्ह्यात खाण म्हटली की ती बहुधा काळ्या दगडाचीच. कायद्याच्या भाषेत हा दगड ‘गौण खनिज’ आहे. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१२ च्या निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते.

थर व त्यांची ओळख : सोलापूरखालचा खडक दख्खन ट्रॅपचा, म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. दख्खनच्या खडकांना तो लावून रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः कर्नल साइक्स यांच्या १८३३ च्या लेखनाला देतात. ट्रॅपची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर सोलापूरच्या ईशान्येस किल्लारीला ६१७ मीटर खोल वेधन घेतले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग पायाचा ग्रॅनाइटी पट्टिताश्म (नीस) लागला.

ट्रॅपच्या वयाबद्दल एकमत नाही. मोठा उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाला आणि त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो वेगाचा. २०१९ मध्ये एका नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी आपापली मोजणी मांडली. झिरकॉन या खनिजाच्या कणांवर युरेनियम-शिसे पद्धत वापरणाऱ्यांना उद्रेकाचे चार झटके दिसले आणि त्यांतला एक मोठा झटका डायनोसॉरांच्या विलोपाच्या थोडा आधीचा निघाला. आर्गॉन मोजून वय काढणाऱ्यांना असे झटके दिसले नाहीत. त्यांच्या मते लाव्ह्याचा मोठा हिस्सा विलोपानंतरचा आहे. झिरकॉन बेसाल्टमध्ये क्वचितच सापडतो. तो मुख्यतः दोन थरांमधल्या तांबड्या बोलमधून (लाल मातकट थरातून) घेतात, तिथे तो राखेबरोबर आलेला असतो. त्यामुळे त्याचे वय लगतच्या लाव्ह्याला कितपत लावावे, हा आक्षेप अजून पुरता मिटलेला नाही. प्रस्तुत नोंदीपुरते आकडे मोघमच ठेवणे बरे.

खाणीवर या वादाने काही अडत नाही, तांबड्या बोलने मात्र अडते. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा खालचा व मधला भाग घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि त्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेने भरतात. घट्ट भाग तो काळा दगड. पांढऱ्या ठिपक्यांचा, ठिसूळ भाग तो मांजऱ्या. वरून खाली जाताना काळी माती, चुनखडी, मुरूम, मांजऱ्या आणि मग काळा दगड असा सर्वसाधारण क्रम लागतो, पण काळ्या दगडाखाली पुन्हा बोल आणि पुन्हा मांजऱ्या येतो. विहीर खणणाऱ्याला मांजऱ्या लागला तर तो खूश, कारण बऱ्याचदा पाणी तिथे असते. खाणवाल्याला त्याच थराने तोटा. जुना कारागीर हातोड्याने ठोकून पाहतो. काळा दगड खणखणतो, मांजऱ्या बद्द वाजतो. प्रयोगशाळेत हेच पाणीशोषणाने कळते. चांगल्या काळ्या दगडाचे शोषण बहुधा १ टक्क्याच्या आत राहते, मांजऱ्याचे त्याच्या कित्येक पट असते. मांजऱ्याची खडी काँक्रीटमध्ये गेली की ती मिश्रणातले पाणी पिते, माल लवकर आवळतो आणि मिस्त्री वरून पाणी ओततो. ताकद तिथेच जाते.

कारागीर : जिल्ह्यातील दगडकामाची परंपरा मुख्यतः वडार समाजाकडे आहे. ‘वडार’ किंवा ‘वड्डर’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक, ओड्र देशावरून (ओडिशा), म्हणजे तिकडून आलेले लोक. जुन्या इंग्रजी कोशकारांचा कल इकडे दिसतो. दुसरी, कन्नडमधील ‘ओड्डु’ म्हणजे बांध या शब्दावरून. तळी, बांध, तटबंदी ही या समाजाची पूर्वापार कामे पाहता दुसरी अधिक सरळ वाटते, पण पहिली टाकून देण्याजोगी नाही. पोटभेदांची नावे कामावरूनच पडली आहेत : मातीकामाचे मण्णवड्डर, दगडाचे कल्लवड्डर, गाडीने दगड वाहणारे गाडीवड्डर. ‘मण्णु’ म्हणजे माती व ‘कल्लु’ म्हणजे दगड हे शब्द सोलापुरात कानडी येत नसलेल्यालाही ठाऊक असतात.

सुरुंगापूर्वी, आणि घडीव दगडासाठी त्यानंतरही, दगड पाचरीने फोडत. शीर पाहून एका रेषेत छिन्नीने खाचा घ्यायच्या, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि घणाने सर्व पाचरींवर आळीपाळीने सारखे घाव घालायचे. एकच पाचर पुढे गेली तर दगड रेषा सोडून फुटतो. सपाट चादरीसारख्या खडकावर जाळ करून तो तापवून उकलण्याचीही रीत होती. सोलापूरचा भुईकोट किल्ला सामान्यतः बहमनी काळातला, बहुधा १४ व्या शतकातला मानतात. त्याच्या आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, म्हणून त्याचा सगळाच दगड खाणीतून ताजा आणलेला होता असे धरून चालता येत नाही.

भोके व सुरुंग : लहान खाणीत ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर व त्याच्या हवेवर भोके पाडणारा जॅकहॅमर असतो. विहिरी फोडायलाही हेच यंत्र जाते, मात्र तिथे माल वर काढायला यारी लागते. भोकाचा व्यास सुमारे ३३ मिमी, खोली दीड ते तीन मीटर. ०.८, १.६, २.४ मीटर अशा वाढत्या लांबीच्या रॉडांनी ते टप्प्याटप्प्याने खाली नेतात. हवेचा दाब ६ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी.च्या खाली गेला की भुकटी वर येत नाही आणि रॉड अडकतो. ओला बोल लागला की हेच होते. अशा वेळी रॉड वर-खाली करून भोक वारंवार फुंकून घ्यावे लागते. जोर लावला तर रॉड आतच तुटतो.

दीड मीटरच्या भोकाला मोकळ्या कडेपासून सुमारे ०.९ मीटर व दोन भोकांत १ मीटर अंतर ठेवले, तर एका भोकाच्या वाट्याला १.३५ घनमीटर दगड येतो. काळ्या दगडाला घनमीटरमागे साधारण ०.३ ते ०.५ किग्रॅ. स्फोटक लागते, म्हणजे भोकामागे अर्ध्या किलोच्या आसपास. भोकाचा वरचा निम्मा भाग ठासणीला, म्हणजे तोंड बुजवायला, राहतो. ठासणी ओलसर माती व वाळूची, ठासायची काठी लाकडाची. लोखंडी पहारीने ठासण्यात ठिणगी व घर्षण दोन्हींचा धोका आहे.

दगड लांब उडण्याचे मूळ बहुधा ठासणी अपुरी असण्यात किंवा थर न ओळखण्यात असते. ३३ मिमी भोकात मोकळी पावडर (अमोनियम नायट्रेट व डिझेल यांचे मिश्रण) मीटरमागे जेमतेम ०.७ किलो मावते. तीन मीटरच्या भोकात एक किलो ओतूनही पावडर सुमारे १.४ मीटर वर चढली नाही, तर ती सांध्यात किंवा पोकळीत शिरते आहे हे उघड आहे. तिथे ओतणे थांबवायचे आणि तेवढा भाग ठासणीने बुजवायचा. ‘अजून भरत नाही’ म्हणून ओतत राहिले की सगळा जोर त्या एका जागी साठतो. ओल्या भोकात पावडर विरघळते, तिथे कांडीच (वेष्टनातले स्फोटक) लागते. स्फोटानंतर तांबूस-तपकिरी धूर दिसला तर पावडर भिजली होती किंवा डिझेल कमी पडले होते. हा धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा, विषारी असतो. तो पूर्ण विरेपर्यंत खाली उतरू नये.

१९६१ च्या धातुखाण विनियमांत धोक्याचे क्षेत्र ३०० मीटर त्रिज्येचे आहे. खोल भोकांसाठी ५०० मीटर धरतात. धडाके मोजणे हा जुना पण बिनचूक नियम आहे : वाती बारा आणि आवाज अकरा, तर एक सुरुंग फसला. वातीच्या सुरुंगात अशा वेळी निदान अर्धा तास थांबतात. फसलेला सुरुंग उकरायचा नसतो, त्याला समांतर व किमान ३० सेंमी. दूर दुसरे भोक घेऊन तो उडवतात. आधीच्या सुरुंगाच्या उरलेल्या बुडात नवे भोक घेण्याला बंदी आहे. बूड आयते मिळते म्हणून मोह होतो आणि अपघात तिथेच होतात.

वरचा मुरूम हलका धरतात, पण कड ढासळते ती बहुधा त्याचीच. विनियमानुसार माती-मुरमाच्या पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको.

क्रशर : सुरुंगाने फुटलेले डबर जॉ क्रशरमध्ये (जबड्यात दगड चिरडणाऱ्या यंत्रात) जाते. या यंत्राचा पहिला प्रकार अमेरिकेतील ईलाय व्हिटनी ब्लेक यांचा, पेटंट १८५८ चे. जबड्याच्या प्लेटी मँगॅनीज पोलादाच्या असतात (मँगॅनीज ११ ते १४ टक्के). रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद मार खाऊन पृष्ठावर कठीण होत जाते. ओतल्यावर ते सुमारे १०५० अंश से.ला तापवून एकदम पाण्यात थंड करतात. थंड होण्यास वेळ लागला तर कणांच्या कडेला कार्बाइड साचते आणि प्लेट तडकते. झिजलेल्या प्लेटीवर वेल्डिंगचा भर देताना नेमकी हीच चूक होते. एका जागी सलग भर चढवला की प्लेट तापते आणि आठवड्याभरात तिचा तुकडा पडतो. म्हणून छोटे टाके घालत, जागा बदलत, हात लावता येईल इतपत ती गार ठेवतात. प्लेट खालच्या अर्ध्यात आधी झिजते. ती उलटी करून लावली की दुसऱ्या टोकाचेही आयुष्य वापरता येते.

माल ४०, २० व १२ मिमी खडी, कच आणि डस्ट असा निघतो. जबडा अर्धवट भरून चालवला तर खडी चपटी पडते. तोंड गच्च भरलेले असेल तर दगड दगडावर फुटून घनाकार येतो.

मोजमाप : माल ब्रासवर विकतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. अखंड काळा दगड घनमीटरला २.८ ते ३ टन भरत असला तरी मोकळी खडी साधारण १.५ ते १.६ टनच भरते, म्हणून ब्रासचे वजन ४.२ ते ४.५ टन धरतात. ओली डस्ट फुगते. तीच गाडी काट्यावर जास्त आणि फूटपट्टीवरही जास्त भरते.