दीर्घकालीन सायनस विकार : वैद्यकीय संशोधन

नाक आणि त्याभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या यांच्या अस्तराला आलेली सूज १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ टिकली, तर तिला दीर्घकालीन सायनस विकार म्हणतात. या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात : गालांच्या हाडांत, कपाळात, नाक आणि डोळे यांच्यामधल्या जाळीदार हाडात आणि नाकाच्या मागे कवटीच्या तळाशी. नाक चोंदणे, नाक वाहणे किंवा कफ घशात उतरत राहणे, चेहरा दुखणे वा जड होणे आणि वास कमी येणे ही चार मुख्य लक्षणे आहेत. निदानासाठी त्यांपैकी किमान दोन असावी लागतात व त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक असलेच पाहिजे. शिवाय दुर्बिणीने केलेल्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सुजेचा पुरावा दिसावा लागतो.

हा पुरावा महत्त्वाचा का, हे आकड्यांवरून कळते. युरोपातील १२ देशांत झालेल्या पाहणीत केवळ लक्षणे विचारली, तेव्हा १०.९ टक्के लोक या व्याख्येत बसले. स्कॅन किंवा दुर्बिणीची जोड दिली की हेच प्रमाण ३ ते ६ टक्क्यांच्या आसपास येते. ‘सायनसची डोकेदुखी’ हे लोकांनी स्वतःच केलेले निदान तर फारच फसवे ठरले आहे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे निदान सांगणारे २,९९१ जण तपासले गेले. त्यांना ताप किंवा पू अशी संसर्गाची चिन्हे नव्हती आणि मायग्रेनचे निदान आधी कधी झालेले नव्हते. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारची निघाली. अशा माणसाने वर्षानुवर्षे प्रतिजैविके घेतली तरी त्याला आराम पडणार नाही. म्हणून नाक मोकळे असताना फक्त डोके दुखत असेल, तर सायनसवर उपचार सुरू करण्याआधी मायग्रेनचा विचार व्हायलाच हवा.

आजार जिवावर बेतणारा नसल्यामुळे तो दीर्घकाळ किरकोळ मानला गेला. १९९५ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या जीवनमानाची मोजणी झाली. अंगदुखी आणि लोकांत मिसळणे या दोन बाबतींत त्यांची स्थिती हृदय निकामी होत चाललेल्या किंवा पाठदुखीने त्रासलेल्या रुग्णांपेक्षाही वाईट आढळली. त्यानंतर रुग्णाला काय वाटते याला संशोधनात मानाचे स्थान मिळाले. आज बहुतेक चाचण्यांत स्नॉट-२२ ही प्रश्नावली वापरतात : २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ११०. झोप, थकवा आणि उदासी यांबद्दलचे प्रश्नही तिच्यात आहेत. गुणांत सुमारे ९ चा फरक पडला तरच रुग्णाला तो जाणवतो, असे मानतात. स्कॅनवरील सुजेला २४ पैकी गुण देण्याची लंड-मॅके पद्धतही रूढ आहे, पण या दोन मोजमापांचा मेळ फारसा बसत नाही. सुजेमुळे स्कॅन पांढराफटक दिसणारा माणूस कामावर जात असतो आणि जवळपास स्वच्छ स्कॅन असलेला बेजार असतो.

कफाची वाट : नाकाच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि कफाचा पातळ थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकवतात. ही गती मोजण्याची एक जुनी, बिनखर्चिक चाचणी आहे. नाकपुडीत खालच्या मांसल कंगोऱ्याच्या पुढच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटर आत सॅकरिनचा कण ठेवतात. रुग्णाने शांत बसायचे. शिंकायचे नाही, नाक ओढायचे नाही, फक्त अधूनमधून आवंढा गिळायचा. घशात गोड चव कधी लागते ते घड्याळावर पाहतात. निरोगी माणसाला ती बहुधा २० मिनिटांच्या आत लागते. अर्धा तास उलटूनही लागली नाही, तर केसांचे काम मंदावले आहे असे समजतात.

ही वाट ठरलेली असते, हे कळण्याआधी शस्त्रक्रिया केवळ निचऱ्याच्या कल्पनेवर चालत. अमेरिकेतील जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) आणि फ्रान्समधील आंरी ल्युक (१८९७) यांच्या पद्धतीत वरच्या ओठाखालून गालाची पोकळी उघडून अस्तर खरवडत आणि खालच्या बाजूला नवी खिडकी पाडत. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून वर्षानुवर्षे कफाचा प्रवास पाहिला. खाली खिडकी असली तरी कफ तिला वळसा घालून वरच्या मूळ छिद्राकडेच जातो, असे त्यांना दिसले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी रचलेल्या काचदांड्यांच्या दुर्बिणीमुळे हे निरीक्षण शक्य झाले. मूळ वाट मोकळी करा आणि अस्तर राखा, हा यातून निघालेला विचार. तो ग्रात्समधीलच हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास जगभर पोहोचवला. आज दुर्बिणीने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा पाया हाच आहे.

सायनस आणि नाक यांच्यातील हवेची देवघेव १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये वेगळ्या अंगाने अभ्यासली गेली. निरोगी सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो, असे १९९५ मध्ये आढळले. तोंड मिटून गुणगुणल्यावर नाकातून बाहेर येणारा हा वायू शांत श्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट वाढतो, असे २००२ मध्ये दाखवले गेले. छिद्रे बुजलेल्या रुग्णांत मात्र ही वाढ दिसत नाही. गुणगुणणे हा उपचार आहे, असे यातून सिद्ध होत नाही. तपासणीचे साधन म्हणून या निरीक्षणाचे मोल आहे.

बुरशीचा वाद : या क्षेत्रातील सर्वांत बोधक प्रकरण म्हणजे बुरशीचे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी कफ गोळा करण्याची अधिक काटेकोर पद्धत वापरली आणि २१० पैकी २०२ रुग्णांत बुरशी सापडल्याचे जाहीर केले. आजाराचे मूळ हाती लागले, अशी आशा निर्माण झाली. पण त्याच अभ्यासात तपासलेल्या १४ निरोगी माणसांपैकी प्रत्येकाच्या नाकातही बुरशी होती. हवेत बुरशीचे बीजकण असतातच; ते नाकात जाणारच. संशोधकांचा दावा असा होता की बुरशी सर्वांत असली तरी रुग्णाचे शरीर तिच्यावर वेगळ्या रीतीने तुटून पडते. हा दावा तपासण्यासारखा होता आणि तो तपासलाही गेला. अँफोटेरिसिन बी या बुरशीनाशकाने नाक धुण्याची एक छोटी चाचणी आशादायक ठरली. मात्र २००६ मध्ये युरोपातील अनेक केंद्रांवर ११६ रुग्णांत झालेल्या चाचणीत औषध आणि नुसते द्रावण यांच्यात फरक पडला नाही. पुढच्या एकत्रित आढाव्यांनीही हेच सांगितले. आज सर्वसाधारण रुग्णाला बुरशीनाशके देऊ नयेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बुरशीची खरी ॲलर्जी आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होणारा आक्रमक बुरशी संसर्ग हे वेगळे आजार असून त्यांची गल्लत करणे धोक्याचे आहे.

सुजेचे प्रकार : पूर्वी रुग्णांची विभागणी सरळ होती : नाकात मांस वाढलेले, म्हणजे पॉलिप असलेले, आणि नसलेले. आता ऊतींमध्ये कोणत्या पेशी आणि कोणती संदेशवाहक प्रथिने सक्रिय आहेत हे पाहतात. पाश्चात्त्य देशांतील बहुतेक पॉलिपमध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि इंटरल्यूकिन-४, ५ व १३ या संदेशवाहक प्रथिनांचा जोर असतो. पूर्व आणि आग्नेय आशियात असे रुग्ण तुलनेने कमी होते. पण दक्षिण कोरिया आणि थायलंडमध्ये काही वर्षांच्या अंतराने घेतलेले नमुने ताडून पाहिले असता तिथेही इओसिनोफिलचे प्रमाण वाढताना दिसले. बेल्जियममधील गेंट येथील गटाने पॉलिपमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे दाखवली. त्यामुळे जिवाणू हा या सुजेत तेल ओतणारा घटक असावा, या विचाराला बळ मिळाले. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन घेताच उसळणारी प्रतिक्रिया हे त्रिकूट १९२२ मध्ये फ्रान्समधील विडाल यांनी नोंदवले होते. १९६८ मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरही मांस पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी असते.

उपचारांची कसोटी : स्टेरॉइडचा नाकातला फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे पहिले उपचार. पाणी उकळून गार केलेले किंवा निर्जंतुक हवे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुतलेले दोघे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने दगावले.

त्यापुढे काय, यावर अलीकडे नीट आखलेल्या चाचण्या झाल्या, हे समाधानाचे आहे. २०२२ च्या नेदरलँड्समधील चाचणीत पॉलिपच्या रुग्णांत औषधांच्या जोडीला शस्त्रक्रिया केल्यावर १२ महिन्यांनी स्नॉट-२२ मध्ये फक्त ४.९ गुणांचा जादा फायदा दिसला, म्हणजे जाणवण्याच्या मर्यादेपेक्षा कमी. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मॅक्रो चाचणीत मात्र शस्त्रक्रिया सहा महिन्यांनी स्पष्टपणे सरस ठरली आणि तीन महिने दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या नकली गोळीइतकेच ठरले. दोन्ही चाचण्यांतील रुग्णांचे मिश्रण आणि मोजणीची वेळ वेगळी होती. त्यामुळे एकीने दुसरी खोडली असे म्हणता येत नाही.

पॉलिपसाठी अमेरिकेत ड्युपिलुमॅब (२०१९), ओमालिझुमॅब (२०२०) आणि मेपोलिझुमॅब (२०२१) या जैविक, म्हणजे सुजेला कारणीभूत ठरावीक प्रथिनांचे काम रोखणाऱ्या, इंजेक्शनांना मान्यता मिळाली. ड्युपिलुमॅबच्या एका चाचणीत सुरुवातीला सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना वास येतच नव्हता. २४ आठवड्यांनी हे प्रमाण एक चतुर्थांशावर आले. इतका ठळक परिणाम या आजारात क्वचितच दिसतो. पण त्याच चाचणीत औषध थांबवल्यावर पुढच्या २४ आठवड्यांत मिळालेला फायदा ओसरू लागला. म्हणून हे महागडे औषध कोणाला, किती अंतराने आणि किती वर्षे द्यावे, शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर, या प्रश्नांवर सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग खर्ची पडत आहे.