टाकी थंड का, ढीग गरम का?

सेप्टिक टाकीत उतरलेले कामगार गुदमरून गेल्याची बातमी मुंबईच्या पेपरात परत वाचली आणि पोटात कालवलं. आमच्या मजल्यावरचे काका कणकवलीला घर बांधतायत. त्यांनी विचारलं, "टाकीत मैला आपोआप शुद्ध होतो ना?" नाही होत.

जड मैला तळाशी बसतो, चरबी वर तरंगते, मधलं गढूळ पाणी शोषखड्ड्यात जातं. आतले जिवाणू हवेशिवाय जगणारे. ते गाळ थोडा कमी करतात, पण जंतांची अंडी त्यांच्याने मरत नाहीत. अंडी मारायला ऊब लागते, आणि टाकी थंड असते.

कारण ऊर्जेच्या हिशेबात आहे, आणि हा हिशेब मला फार आवडतो. एक मोल, म्हणजे 180 ग्रॅम ग्लुकोज ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळलं की सुमारे 2,805 किलोज्यूल उष्णता सुटते. हवेत जगणारे जिवाणू तेच करतात, फक्त सावकाश. हवा नसेल तर त्याच ग्लुकोजचे 3 मोल मिथेन आणि 3 मोल कार्बन डायऑक्साइड होतात. मिथेनच्या प्रत्येक मोलात 890 किलोज्यूल अडकून पडतात, तिन्हींत मिळून 2,670. उरले 135, जेमतेम विसावा हिस्सा! तोही पाण्यात विरतो. म्हणून टाकी थंड.

शिवाय तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आत उतरतो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

टाकीत टाकायच्या जिवाणूंच्या पुड्या, गूळ-शेणाचे उतारे यांवर पैसे घालवू नका. एक ग्रॅम मैल्यातच अब्जावधी जिवाणू असतात.

आता ढीग, म्हणजे मैला टाकीऐवजी हवेत कुजवून त्याचं खत करायचं. मुलुंडला आमच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे. त्यात खुपसलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी बाहेर काढली की हातात धरवत नाही. 55 अंशांची अशी ऊब काही दिवस टिकली तर जंतांची अंडीही मरतात. पण मैल्यात नायट्रोजन फार. कार्बन त्याच्या दहापटही नसतो, जिवाणूंना हवा तीसपट. जादा नायट्रोजनचा अमोनिया होऊन नाकात झोंबतो. म्हणून संडासाला गेल्यावर प्रत्येक वेळी मूठभर लाकडाचा भुसा टाकायचा आणि लघवी वेगळी काढायची. भुशाने हवाही खेळती राहते.

घरच्या संडासाचा ढीग मात्र लहान असतो, ऊब निघून जाते. तिथे काम काळ करतो. दोन कप्पे बांधायचे, एक भरला की बंद करून किमान वर्षभर हात लावायचा नाही. नंतर निघतं ते सोनखत, मातीसारखं भुसभुशीत. कणकवलीच्याच गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खतासाठी आयुष्य वेचलं, हे काकांना माहीत होतं.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये हे जमणार नाही, जागाच नाही. गावी जमेल. काकांची शंका एकच होती, शौचानंतर धुण्याच्या पाण्याचं काय? ते ढिगात गेलं तर हवा कोंडते आणि परत टाकीच होते. वेगळ्या नळीने न्यायचं, विहिरीपासून लांब, खडी भरलेल्या चरात, आणि वर केळी लावायच्या. काकांनी नकाशावर विहिरीभोवती पेन्सिलीने गोल काढला.