पश्चात्ताप न दिसलेली चार वर्षे : ‘गुन्हा आणि शिक्षा’ची पार्श्वभूमी

फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा सारांश बहुधा असा सांगितला जातो, की एका गरीब विद्यार्थ्याने गहाणवटीचा धंदा करणाऱ्या म्हातारीचा खून केला आणि पश्चात्तापाने पोळून अखेर कबुली दिली. हा सारांश मनात धरून वाचायला बसलेला वाचक शेवटच्या पानांत अडखळतो. हा विद्यार्थी, रास्कोल्निकोव्ह, पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देतो, त्याला सैबेरियात आठ वर्षांची सक्तमजुरी होते, आणि तरीही उपसंहारात तो स्वतःच्या मनाची कठोर झडती घेतो तेव्हा त्याला तिथे कोणताही भयंकर अपराध सापडत नाही. आपण टिकाव धरू शकलो नाही आणि कबुली देऊन बसलो, एवढाच दोष त्याला दिसतो. लेखकाने हे इतक्या खात्रीने का लिहिले, हे समजून घेण्यासाठी कादंबरीच्या प्रकाशनापासून सतरा वर्षे मागे जावे लागते.

एप्रिल १८४९ मध्ये पीटर्सबर्गमधील पेत्राशेव्हस्की मंडळाच्या, म्हणजे समाजवादी विचारांवर चर्चा करणाऱ्या एका गटाच्या, सदस्यांना अटक झाली, त्यांत सत्तावीस वर्षांचे दोस्तोयेव्हस्कीही होते. समीक्षक बेलिन्स्की यांनी गोगोल यांना लिहिलेले बंदी घातलेले पत्र मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवणे, हा त्यांच्यावरील प्रमुख आरोपांपैकी एक होता. २२ डिसेंबर १८४९ रोजी सेम्योनोव्हस्की मैदानावर त्यांना गोळ्या घालून ठार मारण्याची सर्व तयारी करण्यात आली आणि अगदी शेवटच्या क्षणी झारने शिक्षा कमी केल्याचे जाहीर झाले. सैबेरियाच्या वाटेवर तोबोल्स्क येथे, १८२५ मध्ये झारविरुद्ध उठाव केलेल्या डिसेंबरवादी बंडखोरांच्या पत्नींनी त्यांना बायबलमधील ‘नव्या करारा’ची प्रत दिली. पुढची चार वर्षे ते ओम्स्कच्या तुरुंगात पायांत बेड्या घालून खुनी, दरोडेखोर आणि चोरांबरोबर एकाच बराकीत राहिले. शिक्षित, उमराव घराण्यातला माणूस म्हणून शेतकरी कैद्यांनी त्यांना कधी आपले मानले नाही, आणि हा दुरावा त्यांना बेड्यांहूनही जाचक वाटला.

या अनुभवावर त्यांनी १८६० ते १८६२ या काळात ‘मृतांच्या घरातील टिपणे’ प्रसिद्ध केली. त्यांचा निवेदक एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवतो, की इतक्या वर्षांत आपल्याला या माणसांमध्ये पश्चात्तापाची खूण दिसली नाही आणि बहुतेक जण मनातून स्वतःला निर्दोषच समजत होते. त्यावरून तो असे म्हणतो, की गुन्ह्याचे तत्त्वज्ञान तयार ठोकताळ्यांनी समजावून घेता येत नाही, ते लोक समजतात त्याहून अवघड आहे. माझ्या मते ‘गुन्हा आणि शिक्षा’ची खरी सुरुवात या निरीक्षणातून होते. कायदा माणसाला शिक्षा देऊ शकतो, पण त्याला अपराधी वाटायला लावू शकत नाही, हे लेखकाने ग्रंथांतून शिकलेले नव्हते.

१८५९ च्या अखेरीस ते पीटर्सबर्गला परतले तेव्हा रशिया झपाट्याने बदलत होता. १८६१ मध्ये भूदासांची, म्हणजे जमीनदारांशी बांधलेल्या शेतकऱ्यांची, मुक्तता झाली आणि रोजगाराच्या शोधात निघालेल्या माणसांची शहरात दाटी वाढू लागली. १८६३ मध्ये दारूविक्रीची जुनी मक्तेदारी रद्द झाली आणि दारू स्वस्त झाली. सेन्नाया चौकाभोवती गुत्ते, वेश्यागृहे, गहाणवटीची दुकाने आणि भाड्याच्या खोल्या यांची गर्दी होती, आणि लेखक स्वतः १८६४ पासून याच भागात राहत होते. विद्यार्थ्यांच्या चळवळीमुळे पीटर्सबर्ग विद्यापीठ १८६१ मध्ये बंद करण्यात आले, ते १८६३ मध्ये पुन्हा उघडले. शिकवण्या आणि भाषांतरे करून कसेबसे जगणारा, फी भरता न आल्याने शिक्षण सोडलेला तरुण ही त्या काळच्या शहरातली ओळखीची व्यक्ती होती.

या तरुणांच्या डोक्यात जे विचार घोळत होते, त्यांच्याशी दोस्तोयेव्हस्कींचा वाद होता. चेर्निशेव्हस्की यांच्या १८६३ मधील ‘काय करावे?’ या कादंबरीने असा विश्वास पसरवला होता, की माणसाला स्वतःचे खरे हित बुद्धीने कळले की तो आपोआप योग्य वागेल. १८६५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनचा जूलियस सीझरवरील ग्रंथ आला. असामान्य पुरुषांना इतरांच्या मापाने मोजू नये हा त्यातला सूर होता आणि त्याची रशियातही बरीच चर्चा झाली. रास्कोल्निकोव्हच्या ज्या लेखात सामान्य आणि असामान्य माणसांची विभागणी येते, तो लेख या वातावरणात बसतो. एका निरुपयोगी म्हातारीच्या जिवाची किंमत आणि तिच्या पैशांतून होऊ शकणारी शेकडो सत्कृत्ये यांचा हिशेब रास्कोल्निकोव्ह गुत्त्यात ऐकतो, आणि नेमका तोच हिशेब त्याच्याही मनात उमटू लागलेला असतो.

वास्तवातील खटल्यांकडेही लेखकाचे बारीक लक्ष होते. भावाबरोबर काढलेल्या ‘व्रेम्या’ या मासिकात त्यांनी १८६१ मध्ये लासनेर या फ्रेंच खुन्याच्या खटल्याची हकिकत छापली होती. आपण समाजाचा सूड घेत आहोत असे सांगणारा हा सुशिक्षित माणूस १८३६ मध्ये फासावर नव्हे, तर गिलोटिनवर गेला होता. जानेवारी १८६५ मध्ये मॉस्कोत गेरासिम चिस्तोव्ह या व्यापाऱ्याच्या मुलाने चोरीसाठी दोन स्त्रियांचा कुऱ्हाडीने खून केला आणि ऑगस्टमध्ये चाललेल्या त्याच्या खटल्याचे वृत्तान्त वर्तमानपत्रांत आले.

त्याच उन्हाळ्यात दोस्तोयेव्हस्की जर्मनीतील वीसबाडेन येथे होते. आदल्या वर्षी पत्नी आणि भाऊ दोघांचेही निधन झाले होते, भावाची कर्जे त्यांच्या अंगावर आली होती, आणि जवळचे पैसे त्यांनी रूलेटवर गमावले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘रूस्की वेस्तनिक’ मासिकाचे संपादक कात्कोव्ह यांना पत्र लिहून नियोजित कथेचा आराखडा कळवला आणि तीनशे रूबल आगाऊ मागितले. या पत्रातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. कायद्याने दिलेली शिक्षा गुन्हेगाराला कायदेपंडित समजतात तितकी घाबरवत नाही, कारण अंशतः तो स्वतःच तिची मागणी करत असतो, असे ते लिहितात. खुनानंतर लगेच जाणवणारी, सर्व माणसांपासून तुटल्याची भावना नायकाला छळते, आणि तुरुंगात का होईना पण पुन्हा माणसांत येता यावे म्हणून तो कबुली देतो. आई आणि बहीण भेटायला आल्यावर रास्कोल्निकोव्हला त्यांना मिठीत घेणेही जमत नाही, हा प्रसंग या पत्राच्या प्रकाशात वाचला पाहिजे.

सुरुवातीचा मसुदा नायकाच्या स्वतःच्या कबुलीजबाबाच्या रूपात होता. नोव्हेंबर १८६५ मध्ये लेखकाने बरेचसे लिखाण जाळले आणि तृतीयपुरुषी निवेदन पत्करले, पण हे निवेदन नायकाच्या खांद्याला चिकटून चालते. दारूडा मार्मेलादोव्ह आणि घरच्यांसाठी वेश्याव्यवसायात उतरलेली त्याची मुलगी सोन्या यांच्या कुटुंबाचा भाग दारूच्या समस्येवरील एका वेगळ्या नियोजित कादंबरीतून इथे आला.

तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच याच्या वागण्यालाही कायद्याचा इतिहास आहे. नोव्हेंबर १८६४ मध्ये न्यायव्यवस्थेच्या सुधारणेचे कायदे मंजूर झाले, पण नवी न्यायालये राजधानीत १८६६ मध्ये सुरू झाली. कादंबरीतला काळ त्याआधीचा आहे, आणि जुन्या पद्धतीत आरोपीची कबुली हाच सर्वश्रेष्ठ पुरावा मानला जात असे. हातात ठोस पुरावा नसलेला पोर्फिरी आरोपीच्या मनाशी का खेळतो, हे त्यामुळे स्पष्ट होते.

१८६६ च्या वर्षभर ‘रूस्की वेस्तनिक’मध्ये कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. पहिला हप्ता येण्याच्या सुमारास मॉस्कोत दानिलोव्ह या विद्यार्थ्याने एका सावकाराचा आणि त्याच्या मोलकरणीचा खून केला, तर एप्रिलमध्ये काराकोझोव्ह या माजी विद्यार्थ्याने झारवर गोळी झाडली. याच वर्षी, सोन्या रास्कोल्निकोव्हला बायबलमधील लाझरसच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवते त्या प्रकरणावर संपादकांनी नैतिकतेच्या दृष्टीने हरकत घेतली आणि लेखकाला ते पुन्हा लिहावे लागले.

उपसंहार वरून जोडल्यासारखा वाटतो, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला आहे. मला तो पटत नाही. तुरुंगातले शेतकरी कैदी रास्कोल्निकोव्हचा द्वेष करतात आणि कुऱ्हाड घेऊन फिरणे हे तुझ्यासारख्या साहेबाचे काम नव्हे असे त्याला ऐकवतात, तेव्हा ओम्स्कची बराकच समोर येते. त्याचे मन बदलू लागते तेव्हा शिक्षेची सात वर्षे बाकी असतात, सोन्याने दिलेला ‘नवा करार’ त्याने अजून उघडलेला नसतो, आणि या माणसाचे हळूहळू होणारे नूतनीकरण ही वेगळी कथा ठरेल, असे सांगून लेखक थांबतो. चार वर्षे कैद्यांमध्ये राहून ज्याला पश्चात्ताप दिसला नव्हता, त्याला यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांगता आले नसते.