वेब होस्टिंग : प्रकार व निवड

वेब होस्टिंग : संकेतस्थळाच्या फायली, विदागार (डेटाबेस) आणि बहुधा ईमेलही इंटरनेटला अखंड जोडलेल्या संगणकावर (सर्व्हरवर) ठेवून देणारी, सामान्यतः भाडेतत्त्वावरील सेवा. डोमेन नावाची (संकेतस्थळाच्या पत्त्याची) नोंदणी ही यापासून वेगळी बाब असून दोहोंची गल्लत वारंवार होते. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली. तेथील एखाद्या संस्थेने त्यानुसार डोमेन बदलायचे ठरवले, तरी होस्टिंग तेच राहू शकते. जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे पुनर्निर्देशन (३०१ हा सर्व्हरचा संकेत) लावले की पुरते.

पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस आपल्याच टेबलावरील नेक्स्ट संगणकावरून चालवले. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. भारनियमन अनुभवलेल्या वाचकाला तिचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही.

अनेक संकेतस्थळे एकाच यंत्रावर नांदवण्याची प्रथा, म्हणजे शेअर्ड होस्टिंग, नेमकी कोठून धरावी याबाबत एकवाक्यता नाही. विद्यापीठांच्या संगणकांवर प्रत्येक वापरकर्त्याला मिळणाऱ्या वैयक्तिक पानांच्या कप्प्यात तिचे मूळ शोधता येते. १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या जिओसिटीजसारख्या मोफत सेवांपासूनही आरंभ मानला जातो. मात्र या दोन्हींत पाने एकाच मोठ्या पत्त्याच्या पोटात राहत. स्वतंत्र नावाचे संकेतस्थळ मिळत नसे. त्यामुळे तांत्रिक बदल हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एचटीटीपी (ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाचे नियम) या संहितेच्या १.० आवृत्तीत ब्राउझर फक्त पानाचा मार्ग कळवी, संकेतस्थळाचे नाव कळवीत नसे. कोणते स्थळ हवे आहे हे सर्व्हरला केवळ आयपी क्रमांकावरून (इंटरनेटवरील अंकी पत्त्यावरून) ओळखावे लागे, म्हणून दर स्थळाला स्वतंत्र क्रमांक लागे. आणि आयपीव्ही४ या क्रमांकपद्धतीचे एकूण क्रमांकच सुमारे ४.३ अब्ज. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने विनंतीत संकेतस्थळाचे नाव सांगणारे ‘होस्ट’ हे शीर्ष सक्तीचे केले. काही ब्राउझर ते आधीपासून पाठवीत आणि अपाचे या सर्व्हर-आज्ञावलीतही तशी सोय १९९६ मध्ये आली होती. म्हणून आजच्या अर्थाने शेअर्ड होस्टिंगचा उगम १९९६-९७ च्या आसपास ठेवता येतो.

हीच अडचण कूटबद्ध जोडणीत (एचटीटीपीएस) पुन्हा उभी राहिली. तेथे स्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवण्याचा क्षण विनंती वाचण्याच्या आधी येतो, तेव्हा नाव कळणार कसे? २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एसएनआय या विस्ताराने जोडणीच्या आरंभीच नाव कळवण्याची सोय केली. पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोरर तो जाणत नसल्याने बराच काळ होस्टिंग कंपन्या स्वतंत्र आयपीचे वेगळे पैसे घेत राहिल्या.

व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर अर्थात व्हीपीएसच्या (एका यंत्राचे आभासी भाग पाडून दिलेल्या सर्व्हरच्या) उगमाबाबतही अशीच स्थिती आहे. त्याची मुळे आयबीएमच्या १९६० च्या दशकातील आभासी यंत्रांपर्यंत नेता येतात. २००० मधील फ्रीबीएसडीच्या ‘जेल’ या सोयीत एकच कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) वाटून घेतले जाते. २००३ मधील झेन व २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेले केव्हीएम ही आभासीकरणाची साधने दर भाडेकरूला स्वतःचे कर्नल देतात. व्हीपीएस ही संज्ञा काटेकोरपणे दुसऱ्या गटालाच शोभते. ॲमेझॉनच्या ईसी२ सेवेने २००६ पासून अशी यंत्रे तासाच्या हिशेबाने मिळू लागली आणि ‘क्लाउड’ हा शब्द रूढ झाला.

प्रकारांतील फरक मराठवाड्यातील शेतकऱ्याला सामाईक विहिरीच्या उदाहरणाने चटकन उमगतो. शेअर्ड होस्टिंग ही पाळीने उपसायची विहीर. शेजाऱ्याने मोटार जास्त चालवली की आपले पाणी तुटते. व्हीपीएसमध्ये त्याच विहिरीवर ज्याचा त्याचा मोजून दिलेला हिस्सा असतो. समर्पित सर्व्हर म्हणजे स्वतःची बोअर, दुरुस्तीसह. क्लाउड म्हणजे लागेल तेव्हा मागवलेला टँकर, आणि बिलही तसेच.

निवड करताना जाहिरातीतील ‘अमर्याद जागा’ हा सर्वांत फसवा निकष होय. शेअर्ड खात्यावर फायलींची संख्या, एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया, प्रोसेसर व स्मृती यांवर मर्यादा असतातच. फायलींखेरीज इतर मर्यादा ओलांडल्या की वाचकाला बहुधा ५०३ किंवा ५०८ ही त्रुटी दिसते. नॅक मूल्यांकनासाठी वर्षानुवर्षे स्कॅन केलेल्या पीडीएफ चढवणाऱ्या महाविद्यालयांना फायलींची ही मर्यादा आधी गाठते, वाचकांची गर्दी नव्हे. पहिल्या वर्षीचा दर पाहून भुलण्यापेक्षा नूतनीकरणाचा दर विचारावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. अव्यवस्थापित (देखभाल स्वतःच करायचा) व्हीपीएस स्वस्त असतो, परंतु सुरक्षा अद्यतने करणारा माणूस नसेल तर तो शेअर्ड होस्टिंगपेक्षा धोकादायक ठरतो.

मराठवाड्यातील संकेतस्थळांवरील भार पुष्कळदा हंगामी असतो: लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांचे निकाल, तुळजापूरचे नवरात्र, मराठवाडा केसर या भौगोलिक मानांकनप्राप्त आंब्याची उन्हाळी विक्री. एका दिवसाच्या गर्दीसाठी वर्षभर मोठा सर्व्हर पोसण्यात अर्थ नाही. निकालाची पाने दर वेळी विदागारातून न काढता आधीच तयार करून स्थिर स्वरूपात सीडीएनवर (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून प्रती पुरवणाऱ्या जाळ्यावर) ठेवली, तर मूळ खाते लहान असले तरी चालते. मागणी नोंदवून पैसे स्वीकारणाऱ्या पैठणी विक्रेत्याला हा मार्ग अपुरा पडतो. त्याला व्यवस्थापित व्हीपीएस सोयीचा.

अंतराचाही विचार करावा. प्रकाशतंतूत संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. धावतो. मुंबई व पुणे येथील विदाकेंद्रे मराठवाड्याला जवळची आहेत. ॲमेझॉनचा मुंबईतील क्लाउड विभाग २०१६ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टचा पुण्याचा विभाग २०१५ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरशी जाऊन-येऊन एका फेरीला साधारण २०० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या टीएलएस १.२ (एचटीटीपीएसमागील कूटबद्धतेची पद्धत) जोडणीत पान येऊ लागण्याआधी अशा चार फेऱ्या होतात.

शासकीय स्थळांना ही निवड फारशी करावी लागत नाही. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांची अधिकृत स्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या एस३वास या सामाईक व्यवस्थेवर आहेत.

मराठी मजकुरासाठी एक तपासणी अधिक लागते. यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएल विदागाराचे आपोआप लागू होणारे अक्षरसंकेतन मात्र ८.० आवृत्तीपूर्वी (२०१८) लॅटिन-१ (रोमन लिपीपुरते) असे, आणि जुन्या स्वस्त खात्यांवर अजूनही ते आढळते. तेथे मजकूर दोन प्रकारे बिघडतो. विदागाराशी असलेली जोडणी व तक्ता दोन्ही लॅटिन-१ असतील, तर यूटीएफ-८ जोडणीतून वाचताना रोमन चिन्हांची अगम्य माळ दिसते, पण मूळ बाइट शाबूत असल्याने ती सुधारता येते. जोडणी यूटीएफ-८ आणि तक्ता लॅटिन-१ असेल, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हेच साठतात. म्हणून होस्टिंग बदलताना जुन्या विदागाराची प्रत न उघडता राखून ठेवावी आणि नव्या जागी ‘ज्ञ’, ‘ळ’ व ‘र्‍या’ असलेला एखादा परिच्छेद चढवून पाहावा. प्रश्नचिन्हे म्हणून साठलेला मजकूर पुन्हा मिळत नाही.