क्यूदो

क्यूदो : जपानी धनुर्विद्येची पारंपरिक पद्धती. दोन मीटरांहून उंच धनुष्य उभे धरून, अंगठ्याने दोरी ओढून, ठरलेल्या आठ अवस्थांतून बाण सोडला जातो. बाण लागला की नाही, एवढ्यावर येथे निवाडा होत नाही. मात्र नेमाला महत्त्व नाही, ही समजूतही चुकीची आहे. शरीराची कृती बरोबर असेल तर बाण लागणारच, असे ‘सेइशा हिच्चू’ हे सूत्र सांगते. म्हणून हुकलेल्या बाणाचे कारण शरीरात शोधतात. नेम सरकवून भरपाई केली जात नाही.

धनुष्य (यूमी) : प्रमाण लांबी २२१ सेंमी.; उंच धनुर्धराला २२७ सेंमी.चे देतात. मूठ मध्यावर नसून खालून साधारण एक-तृतीयांश उंचीवर असते. जपानी धनुष्य खाली आखूड व वर लांब असते, ही नोंद तिसऱ्या शतकातील चिनी इतिवृत्तातही आहे. बाण सुटताना मुठीच्या या जागेला कंपन कमी जाणवते. पारंपरिक यूमी बांबूच्या व लाकडाच्या पट्ट्या एकत्र चिकटवून करतात; नवशिक्यांना काचतंतूचे धनुष्य देतात, कारण ते हवामानाने बिघडत नाही. सुरुवातीला ८ ते १० किग्रॅ. ओढ पुरते. ताकदीपेक्षा जड धनुष्य घेणे हे बहुतेक वाईट सवयींचे मूळ आहे. दोरी चढवल्यावर मूठ व दोरी यांत सुमारे १५ सेंमी. अंतर हवे. ते कमी पडले तर दोरी मनगटावर आपटते. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जाणारी सारी ऊर्जा धनुष्यातच राहते आणि ते तडकू शकते.

बाण व हातमोजा : गळ्याच्या मध्यापासून आडव्या पसरलेल्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून बाणाची लांबी ठरवतात आणि सुरक्षिततेसाठी काही सेंमी. वाढवतात. बाण आखूड असेल तर तो ओढताना मुठीच्या आत येऊन हात जखमी करू शकतो. बाणांची जोडी असते : आधी ‘हाया’, मग ‘ओतोया’. दोघांच्या पिसांचा वळसा उलट असल्याने ते उलट दिशांनी फिरत जातात. उजव्या हातात हरणाच्या कातड्याचा ‘युगाके’ असतो. त्याचा अंगठा कडक असून बुडाशी दोरी अडकण्यासाठी खाच असते. अंगठ्याने दोरी ओढणे ही आशियातील जुनी रीत आहे. एकलव्याकडून अंगठाच का मागितला गेला, हे या पकडीवरून कळते.

आठ अवस्था : ‘अशिबुमी’त डावी कूस लक्ष्याकडे करून पाय आपल्या ओढीच्या लांबीइतके, म्हणजे उंचीच्या सुमारे निम्मे, फाकवतात. पावलांत ६० अंशांचा कोन हवा आणि दोन्ही अंगठे लक्ष्याच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर. ‘दोझुकुरी’त धड पायांवर सरळ बसवतात. ‘युगामाए’त दोरीवरची व मुठीवरची पकड पक्की करून मान लक्ष्याकडे वळवतात. ‘उचिओकोशी’त दोन्ही मुठी एकत्र वर उचलतात, हात सुमारे ४५ अंशांवर येतात. पुढची ‘हिकिवाके’ ही खरी ओढ. तिच्या मध्ये, डावा हात लक्ष्याकडे गेला आणि उजवी मूठ कपाळाजवळ आली की क्षणभर थांबतात. या टप्प्याला ‘दाइसान’ म्हणतात. तेथून दंडाने नव्हे, तर पाठीच्या स्नायूंनी धनुष्य दोन्ही बाजूंना उघडत खाली आणतात. मनगटाने ओढल्यास उजवा कोपर पुढेच राहतो आणि पुढचे सगळे बिघडते.

‘काइ’ ही पूर्ण ताणाची अवस्था. बाण ओठांच्या उंचीवर गालाला टेकतो, दोरी छातीला स्पर्श करते. बाहेरून सारे स्थिर दिसते, आत मात्र दोन्ही दिशांचा विस्तार चालू असतो. ही अवस्था पाच-सहा सेकंद टिकावी. त्या विस्तारातूनच ‘हानारे’, म्हणजे सुटका होते. बोटे मुद्दाम उघडायची नसतात. शेवटी ‘झान्शिन’ : हात पसरलेले, नजर लक्ष्यावर. आधी काय चुकले, ते येथे उघडे पडते.

सुटका आणि दोष : बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकलेला असतो, तर दोरी धनुष्याच्या मध्याकडे धावते. नुसते सोडले तर बाण उजवीकडेच जाणार. तो सरळ जातो डाव्या मुठीमुळे. अंगठ्याच्या बुडाने धनुष्याच्या उजव्या कडेवर दाब देत राहिले की सुटकेच्या क्षणी धनुष्य वळते, बाणाला वाट मिळते आणि दोरी फिरून हाताच्या बाहेरच्या बाजूला येते. याला ‘युगाएरी’ म्हणतात. मूठ आवळून धरली तर हे होत नाही. सैल करून धनुष्य हाताने फिरवले तर युगाएरी दिसते, पण बाण भरकटतो. बाण वारंवार उजवीकडे पडत असतील तर आधी ही पकड तपासावी. दोरी कानाला किंवा गालाला लागत असेल तर मान पुरेशी वळली नसण्याची शक्यता मोठी. बाण ओढतानाच धनुष्यावरून सुटून खाली पडतो, तेव्हा उजव्या हाताचा आतला पीळ कमी असतो. पीळ जास्त झाला की तर्जनी बाणाला वाकवते.

सर्वांत चिवट दोष ‘हायाके’ : काइ पूर्ण होण्याआधीच बाण सुटणे. लक्ष्य दिसताच हात आपोआप उघडतो, ठरवूनही थांबवता येत नाही. उपाय म्हणजे हलके धनुष्य घेणे आणि लक्ष्यापासून दूर, ‘माकिवारा’कडे परतणे. माकिवारा हा गवताच्या काड्या घट्ट बांधून केलेला गठ्ठा. त्यावर सुमारे दोन मीटरांवरून बाण मारतात. नवशिके रिकाम्या हातांनी, मग रबरी पट्ट्याने सराव करून माकिवारापर्यंत येतात. मैदानावर ते त्यानंतरच जातात.

मैदान : नेहमीचे अंतर २८ मी., लक्ष्याचा व्यास ३६ सेंमी., मध्य जमिनीपासून २७ सेंमी. वर. लक्ष्य वाळूच्या उतारावर किंचित मागे कललेले असते. मधोमध लागो वा कडेला, मोजणीत फरक नाही. दूरच्या प्रकारात अंतर ६० मी. असते.

इतिहास व विचार : कामाकुरा काळात (११८५–१३३३) ओगासावारा घराण्याने शिष्टाचारयुक्त धनुर्विद्या घडवली, पंधराव्या शतकात हेकी दान्जो याच्या परंपरेने रणांगणातील भेदकतेवर भर दिला. १५४३ मध्ये बंदूक जपानमध्ये आल्यावर धनुष्याचे युद्धातील स्थान घसरले, सराव मात्र चालू राहिला. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिराच्या सुमारे १२० मी. लांब ओसरीत १६८६ मध्ये वासा दाइहाचिरोने एका दिवस-रात्रीत १३,०५३ पैकी ८,१३३ बाण पलीकडे पोहोचवले. मेइजी काळात (१८६८–१९१२) होन्दा तोशिझाने याने दोन्ही परंपरांचा मेळ घातला आणि शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणाला वळण दिले. अखिल जपान क्यूदो महासंघ १९४९ मध्ये स्थापन झाला.

क्यूदो म्हणजे झेन साधना, हा समज पाश्चात्त्य जगात जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल याच्या लेखनाने पसरला. त्याचे गुरू आवा केन्झो यांची शिकवण त्यांची स्वतःची होती. साऱ्या परंपरेवर ती लादणे योग्य नाही. शिष्टाचाराची कन्फ्यूशियन शिस्त आणि शिंतो विधी यांचा वाटा येथे तितकाच जुना आहे. महासंघ सत्य, चांगुलपणा व सौंदर्य ही तीन ध्येये मानतो. यांतील सत्याची कसोटी सर्वांत ठोस आहे : सुटलेल्या दोरीचा नाद, बाणाचा मार्ग आणि तो लागण्याची जागा. चांगुलपणा म्हणजे बाण लागला म्हणून आनंद न दाखवणे, हुकला म्हणून चेहरा न पाडणे. श्रेणीच्या परीक्षेत दोन बाण मारायचे असतात. प्रवेशापासून निघून जाईपर्यंतचे चालणे, बसणे, श्वास हे सारे परीक्षक पाहतात. खालच्या श्रेणींत बाण हुकूनही उत्तीर्ण होता येते. वरच्या श्रेणींत दोन्ही बाण लागणे अपेक्षित असते.