‘न’ नव्हे, ‘ङ’: चुकची भाषेतलं एक अक्षर

चुकची भाषेत दोनला ‘ङिरेक’ म्हणतात, तीनला ‘ङरोक’ आणि चारला ‘ङराक’. पाच म्हणजे ‘मेतलङेन’, त्यातही मध्ये ‘ङ’ आहेच. रशियाच्या ईशान्य टोकाला, बेरिंग सामुद्रधुनीच्या काठावर राहणाऱ्या, रेनडिअर पाळणाऱ्या आणि वॉलरसची शिकार करणाऱ्या लोकांची ही भाषा. 2010 च्या जनगणनेत ती येणारे सुमारे 5 हजार लोक नोंदले गेले.

‘न’ म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं. ‘ङ’ म्हणताना टोक मोकळं राहतं, जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला लागतो आणि हवा नाकावाटे बाहेर पडते. ‘रंग’ किंवा ‘पंख’ म्हणून पाहा, अनुस्वाराच्या जागी हाच ध्वनी निघतो. मराठीत तो बहुतेक क-वर्गाच्या सोबतीनेच येतो, म्हणून टिंबावर भागतं. ‘क, ख, ग, घ, ङ’ सगळ्यांना पाठ असतं, पण ‘वाङ्मय’सारखे मोजके शब्द सोडले तर ‘ङ’ लिहायची वेळच येत नाही. चुकचीत तो शब्दाच्या आरंभी येतो, दोन स्वरांमध्ये येतो, कोणाच्याही आधाराशिवाय येतो. तिथे त्याला स्वतःचं अक्षर हवंच.

रशियन भाषेत हा ध्वनी नाही. ‘बँक’ या शब्दातला अनुनासिकसुद्धा रशियन माणूस जीभ दातांना लावूनच उच्चारतो. त्यामुळे रशियन लिपीत त्याच्यासाठी अक्षर असण्याचं कारण नव्हतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या भाषांसाठी रोमन वळणाची लिपी तयार झाली, तीत ‘ङ’ला स्वतंत्र अक्षर मिळालं होतं. पण 1937 मध्ये सोव्हिएत धोरण बदललं आणि चुकची सिरिलिक, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात त्या लिपीत लिहिली जाऊ लागली. तेव्हा रशियन ‘न’पुढे नुसतं एक अपॉस्ट्रॉफी चिन्ह ठेवून काम भागवलं गेलं. 1950 च्या दशकात त्याऐवजी नवं अक्षर आलं. रशियन ‘न’ इंग्रजी कॅपिटल एचसारखा दिसतो. त्याच्या उजव्या पायाला खाली आत वळणारा हूक जोडला, की झाला ‘ङ’. पाठ्यपुस्तकांनी तो स्वीकारला, वर्तमानपत्रं मात्र जुनीच पद्धत चालवत राहिली.

हाच प्रश्न इतरांनी वेगळ्या रीतीने सोडवला. रशियातल्याच तातार आणि बश्कीर भाषांच्या लिपीत त्याच पायाला हूकऐवजी छोटी सरळ शेपटी आहे. याकूत आणि अल्ताई भाषांनी ‘न’ आणि ‘ग’ यांची आकृती एकत्र जोडली. छापील पानावर हूक आणि शेपटी यांतला फरक पटकन लक्षात येत नाही. संगणकाला मात्र तो पक्का कळतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, दोन्हींचे क्रमांक वेगळे आहेत. हूकवालं अक्षर हाताशी नसलं, की चुकची मजकूर शेपटीवाल्या अक्षराने टाइप होतो. मग एकाच शब्दाची दोन रूपं तयार होतात आणि साध्या शोधात एक रूप टाकलं तर दुसरं सापडत नाही. अपॉस्ट्रॉफीची अडचण आणखी वेगळी: अनेक प्रोग्रॅम त्याला विरामचिन्ह समजून शब्द मधोमध तोडतात. इतक्या कमी लोकांच्या भाषेत मुळातच लिखाण थोडं. त्यातलंही असं हरवावं, हे मला फार वाईट वाटतं.

चुकचीतल्या ‘ल’ने तर याहून जास्त वाट पाहिली. तो रशियन ‘ल’सारखा नाही: कंठाचा नाद नसतो, जिभेच्या कडांवरून हवा घासत बाहेर पडते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यालाही हूक मिळाला, म्हणजे मुलं तो रशियन पद्धतीने वाचणार नाहीत. युनिकोड मात्र अशी अक्षरं मूळ अक्षर आणि सुटा हूक यांच्या जोडणीतून घडवत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागते. या ‘ल’ला ती 2006 मध्ये मिळाली.