पोलादी शिरस्त्राणाची प्रतिकृती आणि चकाकीचा जुना हट्ट

युरोपातल्या मध्ययुगीन शिरस्त्राणांच्या पोलादी प्रतिकृती बाळगणाऱ्यांमध्ये एक वाद कधी मिटत नाही. शिरस्त्राण घासून लख्ख ठेवायचं, की त्यावर चढणारी काळसर छटा तशीच राहू द्यायची? हा वाद वरवर निगेचा वाटतो, पण त्याची मुळं जुनी आहेत आणि ती बहुतेक इंग्लंडमध्ये सापडतात.

१३व्या शतकातलं डब्यासारखं मोठं हेल्म, १४व्यातलं निमुळतं बॅसिनेट, १५व्यातलं मानेवर शेपटीसारखं उतरणारं सॅलेट हे प्रकार बहुतेकांना ठाऊक असतात. आजच्या प्रतिकृतीचं रूप मात्र त्या शतकांपेक्षा १९व्या शतकाने जास्त ठरवलं. तेव्हा सरदारवाड्यांच्या दिवाणखान्यांत चिलखतं मांडायची हौस आली, नकला बनू लागल्या, जुने तुकडे जोडून नवे साज विकले जाऊ लागले. ऑगस्ट १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या एग्लिंटन इथे तर मध्ययुगीन धर्तीचे भाल्यांचे सामनेच भरवले गेले. पहिल्याच दिवशी धो धो पाऊस आला आणि हजारो प्रेक्षक चिखलात अडकले. तरी मनात ठसलेलं चित्र पुसलं गेलं नाही: योद्धा म्हणजे आरशासारखं चकाकणारं पोलाद.

ही चकाकी आली कुठून? बऱ्याच अंशी घासण्यातून. लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्यातली शस्त्रास्त्रं पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि खरखरीत पूड लावून घासली गेली. गंज दिसला की घासा, हीच पद्धत. ज्यांनी हे केलं त्यांना मूर्ख ठरवणं अन्यायाचं होईल. नदीकाठची ओलसर इमारत, हवा कोरडी ठेवायची सोय नाही आणि गंज लोखंड पोखरतो हे डोळ्यांसमोर दिसतंय. अशा वेळी हात घासायलाच जाणार. पण किंमत मोठी पडली. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्यावर गडद निळा थर चढतो. हा थर इतका पातळ असतो की दोनचार घासण्यांतच उडतो. सोन्याचा मुलामा आणि कोरलेली बारीक नक्षीही अशीच झिजली. ग्रिनिचच्या राजेशाही कारखान्यातल्या चिलखतांच्या रंगीत आराखड्यांचा १६व्या शतकातला संग्रह आजही उपलब्ध आहे. त्यात तपकिरी आणि निळे साज सोनेरी पट्ट्यांसह रंगवलेले आहेत. त्यांतले काही आज प्रत्यक्ष पाहिले तर पांढरे फटक दिसतात.

म्हणून ‘काळं तेच खरं’ असा उलटा निष्कर्ष काढणंही चूक ठरेल. बेल्जियमच्या ब्रुज शहरातल्या १४३६ च्या प्रसिद्ध चित्रात संत जॉर्जच्या चिलखतावर शेजारच्या माणसांची आणि वस्त्रांची प्रतिबिंबं पडलेली आहेत. लख्ख पोलाद त्या काळीही मिरवलं जाई. पण त्याच शतकाच्या अखेरीस जर्मन भागात हातोड्याच्या खुणांसकट काळी ठेवलेली, कधी रंगवलेली सॅलेटं होती, आणि इटलीत मखमल चढवलेली शिरस्त्राणंही होती. माझं मत स्पष्ट आहे: एकच एक खरा रंग नव्हता, आणि आरशासारखी चमक हा नियम तर नव्हताच.

२०व्या शतकात नकलेला वेगळाच मान मिळाला. कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३७६ साली वारलेल्या इंग्रज युवराजाच्या समाधीवर त्याचं शिरस्त्राण टांगलेलं होतं. १९५४ मध्ये ते आणि सोबतच्या वस्तू जपून ठेवल्या गेल्या आणि वर प्रतिकृती टांगल्या गेल्या. त्या प्रतिकृतीही आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात हौशी मंडळींनी मध्ययुगीन खेळ सुरू केले, २०१० मध्ये युक्रेनच्या खोतिन किल्ल्यात पूर्ण चिलखत घालून लढायच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि बाजार फुगत गेला. त्याचा मोठा वाटा भारताकडे आला. १९४३ मध्ये सैन्यासाठी खुकऱ्या बनवणारा देहरादूनचा एक कारखाना पुढे परदेशी हौशींसाठी तलवारी आणि शिरस्त्राणं बनवू लागला, आणि आज रुरकीसारख्या गावांतूनही असा माल बाहेर जातो.

बाजारासोबत ‘गेज’चा, म्हणजे पत्र्याची जाडी सांगणाऱ्या आकड्याचा, घोळ आला. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्याला उलटं वाटतं. शिवाय ब्रिटिश मापात १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, तर अमेरिकी पोलादी पत्र्याच्या मापात सुमारे १.५. १८ गेजचं सव्वा मिलिमीटरचं शिरस्त्राण कपाटावर शोभतं, त्यावर फटके झेलू नयेत. विकणाऱ्याकडून मिलिमीटरमध्येच माप मागावं. जुनी शिरस्त्राणं तर एकसारख्या जाडीची नसतच. टाळूवर आणि समोर जाड, मागे पातळ.

निगेची आजची रीत घासण्याच्या त्या इतिहासातूनच शिकलेली आहे. १९५० च्या दशकात लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झालं. त्याचा पातळ हात फिरवला की हवा आणि पोलाद यांच्यात पडदा तयार होतो आणि घासावं लागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहते, आणि साध्या पोलादाला गंजायला तेवढी पुरते. माझ्या शिरस्त्राणावर एका जुलैमध्ये अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघान्‌रेघ तपकिरी. कोणीतरी कौतुकाने उचललं होतं आणि घामातल्या मिठाने पुढचं काम केलं. तेव्हापासून हाताळलं की लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब पसरवायचा, हा घरचा नियम आहे. खोबरेल लावू नये, ते खवट होऊन चिकटतं. आतली कातडी गादी काढता येत असेल तर पावसाळ्यात काढून वेगळी ठेवावी, कारण गंज चामड्याखाली वाढतो आणि दिसत नाही. कारखान्याने लाखेसारखा पारदर्शक लेप दिला असेल तर ओरखडे तपासत राहावं, कारण गंज तिथूनच लेपाखाली सरकतो.

खंडेनवमीला पूजेत ठेवणार असाल तर ओलं कुंकू आणि झेंडूचं फूल पोलादावर ठेवू नका. खाली पाट मांडून फुलं पाटावर वाहा.